पोट गच्च झालंय? जोर नको, हात नुसता ठेवा: चिनी पद्धतीने पोट सैल करायचं कसं

मुंबईत पोट सैल सोडून चालणारा माणूस शोधून दाखवा. गाडीत चढताना पोट आत, उतरताना पोट आत, ऑफिसात बेल्ट आवळलेला, बाई असेल तर लेगिंगचं इलॅस्टिक नाहीतर परकराची नाडी, सकाळची फास्ट पकडायची म्हणून पोट साफ न होताच घर सोडायचं, डबा दहा मिनिटांत संपवायचा, संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव आणि रात्रीचं जेवण साडेदहाला टीव्हीसमोर. मग कधीतरी लक्षात येतं की पोट कायमच गच्च असतं. धड दुखतही नाही आणि बरंही वाटत नाही, वर गॅस, खाली जडपणा, श्वास घेतला तर छातीच्या खाली उतरतच नाही. डॉक्टर तपासतात, सोनोग्राफी होते, रिपोर्ट नॉर्मल. हे सगळं लिहितेय ते अशा नॉर्मल रिपोर्टवाल्या पोटांसाठी.

आपल्याकडे पोट चोळायचं म्हटलं की पहिला शब्द जोर. मालिशवाल्या मावशी असोत नाहीतर घरातलं कोणी, दाबून केल्याशिवाय कोणाला बरं वाटतच नाही, आणि पाठीला पायांना ते चालतंही. पोटाला नाही चालत. पोटाच्या पुढच्या बाजूला हाडांचा पिंजरा नाही, आत सगळा नाजूक माल, त्यामुळे कोणी अचानक दाबलं की स्नायू आपोआप घट्ट होतात, तुम्ही मनात कितीही म्हणा की सैल सोडते. म्हणजे जेवढा जोर लावाल तेवढं पोट हट्टाला पेटणार. चिनी हात-उपचारात पोटासाठी जे हलके प्रकार आहेत ते मला म्हणूनच पटले, त्यात पोटाशी भांडणच नाही.

ह्या हात-उपचाराला तुइना म्हणतात. चीनमधल्या मिंग राजांच्या काळात, म्हणजे चौदाव्या ते सतराव्या शतकात, हा शब्द रूढ झाला, तोही आधी लहान मुलांच्या उपचारात, त्याआधी आनमो म्हणायचे. तुइनात रगडणं, मुरगळणं, हाडं कटकट वाजवणं असले जोरकस प्रकारही भरपूर आहेत बरं का, तुइना म्हणजे सगळं हळुवार असं काही नाही. पण पोटासाठी जे मुख्य हात वापरतात ते म्हणजे मो, म्हणजे तळहात कातडीवरून गोल फिरवणं, रोउ, म्हणजे हात कातडीला चिकटवून आतला थर हलवणं, आन, म्हणजे सावकाश दाब, आणि थुई, म्हणजे एका दिशेला सरकवत नेणं. शिकणारी मुलं माणसाला हात लावायच्या आधी तांदळाच्या पिशवीवर सराव करतात, हे मला फार आवडतं, कारण जोर कुठे जातोय ते पिशवीत लगेच कळतं. आणि ही गोष्ट जुनी किती, तर सातव्या शतकात तांग काळातले वैद्य सुन सिमियाओ यांनी सांगून ठेवलंय की जेवण झालं की हाताने चेहरा आणि पोट चोळावं आणि थोडं चालावं. म्हणजे आपली शतपावली, फक्त पोटावर हात ठेवून.

चिनी औषध म्हटलं की आपल्या लोकांच्या तोंडी लगेच सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं नाव येतं. ते १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते युद्धातल्या जखमींवर उपचार करायला, सर्जन म्हणून, ह्या हाताच्या प्रकारांशी त्यांचा संबंध नाही. त्यांच्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू मात्र पुढे चीनमध्ये अॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात ते सुरू केलं. असो, पोटाकडे येऊ.

चिनी हिशोबात पोटाचा गच्चपणा म्हणजे ची, म्हणजे अंगात फिरणारी शक्ती, अडकणं. पोट आणि प्लीहा ही जोडी मधोमध, ती खाल्लेल्याचं शक्तीत रूपांतर करणार, पोटाची ची खाली जायला हवी आणि प्लीहेची वर. काळजी करकरून प्लीहा थकते, राग गिळून गिळून यकृताची ची तुंबते आणि मग ते यकृत पोटावर दादागिरी करतं. आता यात प्लीहा, यकृत म्हणजे सोनोग्राफीत दिसतात ते अवयव असं धरू नका, ती कामांची नावं आहेत, आणि ची कुठल्या मशीनमध्ये दिसत नाही. तरी बॉसचं ऐकून घेऊन आलेल्या माणसाच्या बरगडीखाली हात ठेवून बघा आणि मग सांगा हा हिशोब अगदीच हवेत आहे का. आजच्या भाषेत बोलायचं तर हळू स्पर्श आणि लांब उच्छ्वास यांनी शरीराची आराम-आणि-पचन वाली यंत्रणा चालू होते, पोटाच्या भिंतीचे स्नायू सुटतात, छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा नीट खाली उतरतो. बद्धकोष्ठाला पोटाच्या मसाजचा काही जणांना फायदा होतो असं अभ्यासांतही दिसलंय, पण आराम मिळणं वेगळं आणि आजार बरा होणं वेगळं, हे डोक्यात पक्कं ठेवून पुढे वाचा.

आधी कोणी करायचं नाही ते सांगते, कंटाळा येईल पण वाचा. गरोदर असाल तर पोटाला आणि खाली सांगितलेल्या पॉइंट्सना, म्हणजे दाबायच्या ठरावीक जागांना, हात लावायचा नाही, दिवस गेलेत अशी शंका असली तरी नाही. सिझेरियन किंवा पोटाचं कुठलंही ऑपरेशन नुकतंच झालं असेल, हर्निया असेल, अल्सर, आतड्याची सूज, पित्ताशयात किंवा किडनीत खडे, पोटात गाठ, कॅन्सरचे उपचार, रक्त पातळ करायच्या गोळ्या, रक्ताच्या गुठळीची हिस्ट्री, ह्यातलं काहीही असेल तर आधी आपल्या डॉक्टरला विचारा. पाळीत पहिले एकदोन दिवस जास्त जात असेल तर नुसता गरम हात ठेवा, बाकी काही नको.

आणि काही वेळा घरी बसून हात फिरवत राहणं म्हणजे वेळ घालवणं. बेंबीजवळ सुरू झालेलं दुखणं उजवीकडे खाली सरकलं, ताप आला, उलट्या थांबत नाहीत, हात लावला की पोट टणक आणि लावूच देत नाही, शौचातून रक्त किंवा डांबरासारखं काळं, डोळे पिवळे, कारण नसताना वजन उतरतंय, झोपेतून उठवणारं दुखणं, तर सरळ हॉस्पिटल. पोटाच्या वरच्या भागात, छातीच्या खाली दाटून आलंय, घाम फुटलाय, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जातेय, तर कृपा करून इनो पिऊन झोपू नका, १०८ ला फोन करा. गॅस गॅस म्हणत हार्ट अटॅक अंगावर काढणारे लोक प्रत्येक बिल्डिंगमध्ये एखादा तरी असतोच.

आता वेळ. चिनी घड्याळात सकाळी ७ ते ९ ही पोटाची वेळ आणि ९ ते ११ प्लीहेची, पण त्या वेळात आपण ठाणे ते दादरच्या मध्ये कुठेतरी कोणाच्या तरी बॅकपॅकला चिकटून उभे असतो, तेव्हा ते विसरा. दोन वेळा जमतात. सकाळी डोळे उघडल्यावर अंथरुणातच, मोबाईल हातात घ्यायच्या आधी. नाहीतर रात्री, पण जेवून निदान दीड तास झाल्यावर, आणि उशिरा जड जेवण झालं असेल तर त्या दिवशी राहू द्या. सुन सिमियाओंचं जेवणानंतरचं चोळणं म्हणजे वरवर हात फिरवणं, पुढे सांगतेय तो पूर्ण प्रकार नव्हे. लघवीला जाऊन या, भरल्या मूत्राशयावर खालचा भाग कधीच सैल पडत नाही. नाडी, इलॅस्टिक, ब्राचा हुक, सगळं सैल करा. पाठीवर झोपून गुडघ्यांखाली उशी किंवा घडी केलेली गोधडी घाला, गुडघे वाकले की पोटाची भिंत आपोआप ढिली होते, डॉक्टरसुद्धा पोट तपासताना पाय दुमडायला लावतात ते याचसाठी. एक खोलीचं घर असेल, कोणी ना कोणी इकडून तिकडे जात असेल, तर चादर अंगावर घ्या आणि चादरीच्या आत करा, काही बिघडत नाही. पंखा थेट पोटावर नको. नखं कापलेली हवीत. हात एकमेकांवर घासून गरम करा, गार हात लावलात तर पोट आकसतं आणि पहिली दोन मिनिटं वाया जातात. तेल लागतच नाही, पातळ कॉटनच्या कपड्यावरून सगळं होतं, कातडीवर करायचं असेल तर तिळाचं किंवा खोबरेल दोन थेंब, बस.

पहिली पायरी म्हणजे काहीच न करणं, आणि हीच लोक गाळतात. एक तळहात बेंबीवर ठेवा, दुसरा त्याच्यावर. दाबायचं नाही, हाताचं स्वतःचं जे वजन आहे तेवढंच पोटावर पडू द्या, कोपर बाजूला गादीवर टेकलेलं असू दे म्हणजे खांदा कामाला लागत नाही. नाकाने श्वास घ्या, हात वर उचलला जातोय का बघा. नसेल जात तर ओढून पोट फुगवायला जाऊ नका, श्वास सोडताना थोडा जास्त वेळ घ्या, मनात चार आकडे घेताना आणि सहा सोडताना. मिनिटभर काही होत नाही, मग उगाच खाज येते, कुकरच्या शिट्ट्या मोजाव्याशा वाटतात, उद्याच्या मीटिंगची आठवण येते. आणि मग दोन-तीन मिनिटांनी कधीतरी हाताखाली काहीतरी बदलतं, आधी हात पोटाच्या वर ठेवलेला असतो तो आता पोटात बसल्यासारखा वाटतो, आणि आतून एक गुर्रर्र असा आवाज येतो. हा आवाज आला की समजा दार उघडलं. न आला तरी पाच मिनिटांनी पुढे जा, आवाजाची परीक्षा नाहीये.

मग पोट वाचायचं. तीन बोटं जोडून, बोटांच्या टोकांनी नाही तर पेरांच्या सपाट भागाने, अगदी हलकं टेकवत फिरा. किती हलकं, तर बाजारात पेटीतला हापूस पिकलाय का बघताना आंबेवाला ओरडणार नाही इतपत जेवढं टेकवतो, तेवढंच. छातीच्या हाडाखालचा खळगा, दोन्ही बरगड्यांच्या कडा, बेंबीच्या चारी बाजू, मग खाली ओटीपोट. कुठे कातडी गार लागते, कुठे बोट टेकवलं की श्वास अडकतो, कुठे ताणलेल्या दोरीसारखं लागतं, नुसती नोंद घ्या. ऑफिसात बसून काम करणाऱ्यांचा बरगडीखालचा खळगा बहुतेक वेळा कडक सापडतो आणि बेंबीखालचा भाग गार. बेंबीच्या वर ठकठक लागते ती मोठ्या धमनीची, सडपातळ माणसात ती सहज हाताला लागते, घाबरू नका. पण बारीक नसूनही मोठा गोळाच उडतोय असं वाटत असेल, वय जास्त असेल, तर हात काढा आणि डॉक्टरला दाखवा.

आता मो, म्हणजे गोल फिरवणं, हा ह्या सगळ्याचा गाभा. तळहात सपाट, मनगट ढिलं, बेंबीभोवती छोटं वर्तुळ काढा आणि हळूहळू मोठं करत न्या, वर बरगडीच्या कडेपर्यंत, खाली ओटीच्या हाडापर्यंत. दिशा लक्षात ठेवायची सोपी खूण म्हणजे तुमच्या स्वतःच्या उजव्या बाजूने वर, डाव्या बाजूने खाली. मोठं आतडं तसंच फिरतं, उजवीकडे खाली सुरू होऊन वर चढतं, बरगड्यांखालून आडवं जातं आणि डावीकडून उतरतं, त्यामुळे पोट साफ होत नसेल, गॅस असेल तर हीच दिशा. चिनी लोकांत उलटी दिशाही आहे, जुलाब लागलेल्या मुलांना उलटं फिरवतात, सुलटं म्हणजे मोकळं करणं आणि उलटं म्हणजे धरून ठेवणं असा त्यांचा नियम. मोठ्या माणसांनी नुसत्या टेन्शनसाठी सुलटंच करावं, उगाच डोकं चालवू नये. किती वेळा, तर चिनी घरगुती प्रकारांत ३६ हा आकडा बरेचदा येतो, मोजायला आवडत असेल तर मोजा. एक फेरा साधारण एका पूर्ण श्वासात झाला तर वेग बरोबर आहे. तुइनावाले ह्यापेक्षा खूपच जलद करतात पण ते त्यांचं काम, आपल्याला पोट झोपवायचंय.

मो आणि रोउ यांत लोक घोळ घालतात. मो करताना हात कातडीवरून घसरतो. रोउ करताना हात घसरत नाही, कातडी हाताबरोबर हलते आणि तिच्या खालचा थरही. फेऱ्या झाल्या की जिथे कडक लागलं होतं तिथे तळहाताची टाच किंवा तीन बोटं ठेवून असं रोउ करा, रुपयाच्या नाण्याएवढंच वर्तुळ, एका जागी वीसेक वेळा, मग पुढची जागा. सगळ्यात कडक जागेवर आधी जायचं नाही, तिच्या आजूबाजूने सुरुवात करत तिकडे यायचं, आणि ती जागा विरोध करत असेल तर तिथे नुसता हात ठेवून निघून यायचं. उद्या परत.

बरगडीखालच्या गच्चपणासाठी माझा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे दोन्ही बाजूंना सारणं. दोन्ही अंगठे, किंवा अंगठे लवकर दुखत असतील तर बोटांची पेरं, छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाजवळ शेजारी शेजारी ठेवा आणि श्वास सोडताना बरगडीच्या कडेने दोन्हीकडे खाली कमरेपर्यंत सरकवत न्या. श्वास घेताना हात उचलून परत मध्ये. हे दहा-बारा वेळा. लहान मुलांच्या तुइनात हेच पोट फुगल्यावर, दूध टाकल्यावर करतात आणि मोठ्यांना राग गिळल्यावर ह्याच्याइतकं दुसरं काही लागू पडत नाही असं माझं मत. हाडाच्या त्या खालच्या टोकावर मात्र दाब नको, ते नाजूक असतं. मध्येच जांभई येईल, ढेकर येईल, येऊ द्या, सभ्यपणा सोडा.

पॉइंट्सचं सांगते. चिनी माप त्सुन, आणि ते ज्याचं पोट त्याच्या बोटांनी मोजायचं: अंगठ्याची रुंदी एक त्सुन, अंगठा सोडून पहिली तीन बोटं जोडून दोन, चार बोटं जोडून तीन. म्हणून नवऱ्याच्या पोटावर आपल्या बोटांनी मोजलंत तर चुकणार. पहिला पॉइंट झोंगवान, बेंबी आणि छातीच्या हाडाचं खालचं टोक यांच्या बरोबर मध्ये, पोट जड, अपचन, मळमळ यासाठी. दुसरा थ्यनशू, बेंबीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटांवर, हा मोठ्या आतड्याचा, गॅस, बद्धकोष्ठ, जुलाब सगळ्यांना हाच. तिसरा छीहाय, बेंबीखाली दीड त्सुन, साधारण दोन बोटं, थकून पोट गळून गेल्यासारखं वाटतं तेव्हा. दाबायची पद्धत आन: मधलं बोट टेकवा, श्वास सोडताना पोट स्वतःहून खाली जातं त्याच्या मागे मागे बोट जाऊ द्या, श्वास घेताना पोट वर येईल तेव्हा बोटालाही वर येऊ द्या. तुम्ही ढकलायचं नाही, पोट नेईल तिथपर्यंतच. पाच-सहा श्वास एका पॉइंटवर पुष्कळ झाले. कळ आली, चेहरा वाकडा झाला, श्वास रोखला गेला, म्हणजे जास्त झालं. बेंबीला शनछ्वे म्हणतात आणि तिथे सुई टोचायला चिनी वैद्यकातही मनाई आहे, तेव्हा बेंबीत बोट घालून दाबणं वगैरे नको, वर नुसता गरम तळहात. आणि दादर स्टेशनबाहेर मिळतात ते काटेवाले लाकडी रोलर तळपायाला घासा हवं तर, पोटावर अजिबात नाही.

पोटाला हात न लावता पोटासाठी करायचे दोन पॉइंट मुंबईकरांना जास्त उपयोगी. झूसानली, पोटाच्या सगळ्या तक्रारींना ह्याला आधी धरायचं असं जुन्या चिनी वैद्यांचं सूत्रच आहे. गुडघ्याच्या वाटीखाली बाहेरच्या बाजूला जो खळगा लागतो त्याच्या चार बोटं खाली आणि नडगीच्या हाडापासून एक बोट बाहेर. अंगठ्याने दाबलं की जडसर, पसरल्यासारखं वाटतं, ते वाटलं की जागा बरोबर. इथे थोडा जोर चालतो, पायाला चालतो. दुसरा नेईक्वान, मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोऱ्यांसारखे दोन स्नायुबंध (टेंडन) दिसतात त्यांच्या मध्ये. मळमळीसाठी ह्या पॉइंटवर आधुनिक अभ्यासही बराच झालाय, प्रवासात मळमळ होते त्यांच्यासाठी मनगटाचे पट्टे मिळतात ते हाच दाबतात. बसायला मिळालं तर झूसानली, उभं असाल तर नेईक्वान, विक्रोळी ते घाटकोपर दोन्ही मनगटं होतात आणि शेजारच्याला पत्ता लागत नाही.

झन म्हणून अजून एक आहे, तळहात ठेवून बारीक कंप द्यायचा, पण तो हातात यायला फार सराव लागतो आणि नवशिक्याचा नुसता खांदा भरून येतो. सोडून द्या.

दुसऱ्याला करायचं असेल तर आधी विचारायचं, सख्खी आई असली तरी. पोट ही लाजेची जागा आहे आपल्याकडे, कोणी पोटाला हात लावणार म्हटलं की माणूस आधी पोट आत ओढतो. परळच्या माझ्या मावशीचं सांगते, सत्तरीला आलेली, आयुष्यभर भल्या पहाटे उठून डबे केलेली बाई, आडवी पडली आणि म्हणाली, ‘‘कर गं, चांगलं रगडून कर, गोळा बसलाय इथे.’’ मी तिच्या उजव्या बाजूला बसले, हात गरम करून बेंबीवर ठेवला आणि गप्प राहिले.

‘‘झोपलीस का?’’

‘‘नाही मावशी, थांब जरा.’’

‘‘अगं पण करतेयस काय?’’

‘‘तू श्वास सोड फक्त.’’

मग बाहेर गल्लीत भंगारवाला ओरडत गेला, मावशीने त्याच्यावर काहीतरी शेरा मारला, हसली, आणि त्या हसण्यात पोट सुटलं, ओढून धरलेली सगळी भिंत एकदम खाली आली. त्यानंतर नुसत्या फेऱ्या केल्या, बरगडीखाली थोडं रोउ, आणि तिचे डोळे मिटायला लागले. तिचा गोळा म्हणजे ओढून धरलेल्या स्नायूंचा कडक पट्टा होता, पण हे मी सांगू शकते कारण तिच्या तपासण्या आधीच झाल्या होत्या. हाताला कुठलीही गाठ लागली तर ती टेन्शनची आहे असं घरच्या घरी ठरवायचं नाही. दुसऱ्याला करताना पोटाकडे बघूच नका, चेहऱ्याकडे बघा, कपाळाला आठी पडली की हात वर. आणि गप्पा मारत करा, पण भांडणाचे विषय नकोत, फ्लॅटच्या वाटणीचा विषय निघाला की सगळी मेहनत पाण्यात.

लहान बाळांचं थोडक्यात. बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावून आज्या जो हात फिरवतात, त्यातला हात फिरवणं एवढाच भाग चिनी आज्याही करतात, अगदी दोन बोटांनी, पिसासारख्या हलक्या हाताने, दूध पिऊन निदान तासभर झाल्यावर. नाळ पडून जागा पूर्ण सुकली नसेल तर नाही. बाळ सतत रडतंय, पोट ताठ, हिरवी उलटी, शौचात रक्त, तर मालिश वगैरे बंद, लगेच डॉक्टर.

झाल्यावर एकदम उठू नका. कुशीवर वळा, मिनिटभर पडून रहा, मग उठा आणि कोमट पाणी प्या. गॅस सरतो, पोटात गुडगुड होते, झोप येते, काहींना लघवी लागते, क्वचित कोणाला रडूही येतं, हे सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी पोट हाताला दुखरं लागलं तर आदल्या दिवशी जोर झाला होता, दोन दिवस थांबा आणि मग अर्ध्या जोराने करा. रोज दहा मिनिटं जमली तर उत्तम, रोज नाही जमलं तर आठवड्यात तीन-चारदा, आणि ज्या दिवशी काहीच होत नाही त्या दिवशी झोपताना पहिली पायरी तरी करा, हात ठेवून झोपलात तरी चालेल. शौचाला जायची घाई दाबून ठेवायची सवय मोडल्याशिवाय मात्र ह्यातलं काहीच टिकणार नाही, त्यासाठी पंधरा मिनिटं लवकर उठायलाच लागेल, गाडी काही तुमच्या पोटासाठी थांबणार नाही.

कोणाकडून करून घ्यायचं असेल तर नीट चौकशी करा. महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आणि कौन्सिल आहे, तेव्हा रजिस्ट्रेशन आहे का हे विचारायला लाजू नका. चांगला थेरपिस्ट हात लावायच्या आधी ऑपरेशन, पाळी, गरोदरपण, औषधं सगळं विचारतो, पोटावर अंग टाकून दाबत नाही, दुखलं म्हटल्यावर ‘‘सहन करा, ब्लॉकेज निघतंय’’ असं ऐकवत नाही. असं कोणी ऐकवलं तर चपला घाला आणि निघा. पहिल्याच दिवशी पॅकेज विकणारे, तुमच्या चालू गोळ्या बंद करायला सांगणारे, ह्यांच्याकडेही परत जायचं नाही. पोटावर कप लावणं, मॉक्सा म्हणजे वाळवलेला औषधी पाला जाळून शेक देणं हे प्रकार व्हिडिओ बघून घरी करू नका, भाजून घेतलेली पोटं नंतर महिनाभर साडी नेसू देत नाहीत. दोनेक आठवडे नियमाने हलका हात फिरवून काडीचाही फरक नसेल तर परत डॉक्टरकडे जा आणि कुठे कडक लागतं, कुठे गार, कुठल्या वेळी वाढतं, जेवणाआधी की नंतर, हे सांगा, इतके दिवस हात ठेवल्यावर ते तुम्हाला नेमकं सांगता येईल आणि त्यांनाही पुढचं बघायला सोपं जाईल.